नेवेनाची आठ वाक्यं

१५ जानेवारी, सोमवार

आज वाचनगृहाची, म्हणजे पुस्तकांबरोबर नाटकंही जिथे होतात त्या मंडळाची, सचिव स्तेफ्का स्वतः तीन जिने चढून घरी आली. धापा टाकत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "रायना, दिग्दर्शन करशील?" माझी कॉफी शेगडीवर उतू गेली.

चौतीस वर्षं मी शहराच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अर्ध्या जमिनीत बुडालेल्या लाकडी खोक्यात बसायचं आणि नटांना ओळी पुरवायच्या. तिथली नाटक मंडळी बंद पडली त्याला सहा वर्षं झाली. जाहिरातीवर माझं नाव सुताराच्याही खाली यायचं. सुताराचं काम निदान दिसायचं तरी. पण माझ्या काळात एकही नट तोंडघशी पडला नाही, हे शत्रूसुद्धा कबूल करेल. नटाचे डोळे वर गेले की ओळ गेली, आणि ते मला त्याच्या आधी कळतं. रंगमंचावर सात सेकंद शांतता म्हणजे घरात मयत झाल्यासारखं. मी ती तिनाच्या पुढे कधी जाऊ दिली नाही.

स्तेफ्काचं म्हणणं, अपंग तरुण मुलांचं नाटक बसवायचं, ईस्टरच्या आधीच्या फुलांच्या रविवारी प्रयोग. "दुसरं कुणी तयार नाही वाटतं?" मी विचारलं. "तसं नाही गं," ती म्हणाली. म्हणजे तसंच होतं. मी हो म्हटलं.

२२ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. सात जण आले. तिघांबद्दल लिहिते, बाकीच्यांची नावं अजून पाठ व्हायची आहेत.

बोयान एकतीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोमचा. टाळी ऐकू आली की कमरेत वाकून अभिवादन करतो. मी खिडकी आपटून बंद केली, तरी वाकला. स्विलेन चोवीसचा. अक्रोडाच्या झाडावरून पडला तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. पायातलं सगळं बळ जिभेत आलंय. मला बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही दिग्दर्शक? मला वाटलं, हॉल झाडायला आलात." हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

आणि नेवेना. एकोणीस वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झाली, हातपाय तिचं ऐकत नाहीत, मान एका बाजूला ओढली जाते. वॉकर धरून चार पावलं टाकते. शहराच्या टोकाला मुलांचं सरकारी घर आहे, तिथे वाढली. मी तिला नाव विचारलं. तिचे डोळे छताकडे गेले, ओठ थरथरायला लागले, घशात काहीतरी जमायला लागलं. मी ताबडतोब ओळखलं. "नेवेना!" मी म्हटलं. "आणि आवडतं फूल? ट्यूलिप ना?" परत डोळे छताकडे. "ट्यूलिप," मी सगळ्यांना सांगितलं.

"तिने तोंड उघडायच्या आत तुमची मुलाखत आटोपलीसुद्धा," स्विलेन म्हणाला.

मुलगी लाजाळू आहे. हळूहळू खुलेल.

५ फेब्रुवारी, सोमवार

नेवेनावर काय संकट आहे ते आज कळलं. वयामुळे तिला मुलांच्या घरात आता ठेवता येत नाही. दोनच वाटा आहेत. आपल्याच शहरात, बाजाराच्या मागे, सरकारची एक सदनिका आहे. चार मुली, प्रत्येकीला स्वतःची खोली, मदतीला एक बाई सकाळ-संध्याकाळ येते. तिथली एक जागा रिकामी झाली आहे. ती मिळाली नाही तर गोर्नो पोले. डोंगरातलं मोठ्यांचं आश्रयघर, एकेका दालनात बारा खाटा, बस दिवसातून एकदा. तिथून कुणी परत आल्याचं माझ्या कानावर नाही.

निर्णय घेणाऱ्या समितीच्या दोंचेवाबाई तालमीला आल्या होत्या. थकलेली बाई, दोन्ही हातांत फायलींच्या पिशव्या. म्हणाल्या, "सदनिकेत राहायचं तर स्वतःच्या तोंडाने बोलता आलं पाहिजे. उद्या आग लागली, कुणी त्रास दिला, तर सांगणार कोण? मी तिला ऑफिसात पाच प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर नाही."

"किती वेळ थांबलात?" स्विलेनने मागून विचारलं.

"त्या दिवशी माझ्यापुढे चौदा जण होते रे बाळा."

"तिच्याकडे अक्षरांचा तक्ता आहे. बोटाने दाखवते. शेक्सपियरपेक्षा शुद्ध लिहिते."

"फॉर्मात 'तोंडी' असं आहे. तक्त्याला रकाना नाही."

तेव्हा मी मध्ये पडले. "बाई, आमच्या नाटकात ती बोलणार आहे! सगळ्या गावासमोर. तुम्ही पहिल्या रांगेत बसा आणि स्वतःच्या कानांनी ऐका."

दोंचेवाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. आठ वाक्यं बोलली तरी पुरे. बोलली तर तसं लिहीन. मला काय कुणाला डोंगरात पाठवायची हौस आहे?"

नेवेनाने इतक्या जोरात वॉकर हलवला की मला वाटलं, पडतेय.

स्तेफ्का मात्र म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस. नाही बोलली तर?" नाही बोलली तर मी आहे ना. माझ्या नाटकात कुणी गप्प राहत नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

नेवेनाने आपली आठ वाक्यं स्वतः लिहिली. एक एक अक्षर बोटाने दाखवत होती, स्विलेन उतरवून घेत होता. दहा दिवस लागले. मला कागद दिला तेव्हा दोघं असे बघत होते, जसा काही दस्तऐवज आणलाय. इथे उतरवून ठेवते:

माझं नाव नेवेना. मी एकोणीस वर्षांची आहे. मी आजवर नऊ खोल्यांत राहिले. एकाही खोलीला आतून कडी नव्हती. मला चहा कडक लागतो. कसा लागतो हे कुणी विचारलं नाही. मला एक खोली हवी. किल्ली माझ्याकडे हवी.

आता मला सांगा, याला नाटक म्हणायचं? ही तर घरमालकाला लिहिलेली चिठ्ठी झाली. चहाचं काय रंगमंचावर! भावना आहेत, पण उंची नाही. मी बसून सगळं नीट केलं. सुरुवात "मी नेवेना, वसंताचं पहिलं फूल" अशी, आणि शेवट "प्रेम हीच माझी किल्ली." लिहिताना माझेच डोळे भरून आले.

वाचून दाखवलं. बोयानने टाळ्या वाजवल्या आणि स्वतःच वाकला. नेवेनाचे डोळे वर गेले, ओठ हलायला लागले. "आवडलं ना?" मी म्हटलं. "आवडलं तिला."

२ मार्च, शुक्रवार

काल पहिली मार्च. सगळ्यांना लाल-पांढरे दोरे बांधले. वर्षभर आरोग्य राहावं म्हणून एकमेकांच्या मनगटावर बांधतात, पण नेवेनाने मूठ घट्ट मिटून धरली होती आणि हात माझ्यापुढे ताणत होती. उघडेचना. बाकीचे खोळंबले होते, म्हणून तिच्या दंडाला बांधून मोकळी झाले. सगळे गेल्यावर तिच्या जागेखाली एक चुरगळलेला दोरा सापडला. घामाने ओला होता. कुणाचा होता कुणास ठाऊक, केरात टाकला.

१२ मार्च, सोमवार

घसा पार बसलाय. डॉक्टरने आठवडाभर बोलायचं नाही असं बजावलंय. कुजबुजही नाही. प्रॉम्प्टरला कुजबुज बंद म्हणजे सुईणीला हात बंद. तरी तालमीला गेले. गळ्यात मफलर, हातात पाटी, खडूने लिहून सूचना दिल्या.

नेवेनाची पाळी आली. उभी राहिली. डोळे वर गेले. मी सवयीने तोंड उघडलं, फक्त वारा आला. आता हिचं कसं होणार! मी पाटीवर ओळ लिहायला घेतली, तेवढ्यात खडू मोडला.

आणि ती बोलली. आठच्या आठ वाक्यं. प्रत्येकाआधी एवढं मोठं थांबणं, मग शब्द एक एक करून येतात, ओढून आणल्यासारखे, पण येतात. स्पष्ट येतात. आवाज जाड आहे, एखाद्या म्हाताऱ्या पुरुषासारखा. मी तो आज पहिल्यांदाच ऐकला. शेवटी ती घामाने निथळत होती आणि हसत होती. स्विलेन खुर्चीच्या चाकावर मुठी आपटत होता. स्तेफ्का दारात उभी राहून रडली.

पण माझी वाक्यं नाहीत! सगळी तिचीच जुनी. चहा, कडी, सगळं. मी पाटीवर लिहिलं: संहितेप्रमाणे बोल. वर पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांत आमच्या मंडळीचा अर्धा प्रवेश व्हायचा. लोक काय जेवणाचे डबे घेऊन येतील?

तरीही मन भरून आलं. शेवटी माझ्याच दोन महिन्यांच्या मेहनतीला फळ आलं म्हणायचं.

२१ मार्च, बुधवार

आवाज परत आला. नेवेनाचं मात्र सगळं परत पूर्वीसारखं. मी ओळ देते, ती अडखळते, मी परत देते, ती डोळे मिटून घेते. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशीचं बोलणं योगायोगच असावा.

२८ मार्च, बुधवार

तालीम संपल्यावर स्विलेन माझ्यासाठी थांबला. आज टिंगल नव्हती. म्हणाला, "मावशी, एक मागतो. प्रयोगाच्या दिवशी इथल्या प्रॉम्प्टरच्या खोक्यात बसू नका."

"का रे? माझी भीती वाटते?"

"तिचं डोकं रिकामं होतं म्हणून ती थांबत नाही. तोंडाला तयार व्हायला तिला अकरा सेकंद लागतात. मी मोजलेत. कधी बारा. डोळे वर जातात ते शोधायला नाही, जोर लावायला. तुम्ही त्याआधी ओळ दिलीत की तिचं सगळं कोसळतं, परत पहिल्यापासून."

"मी चौतीस वर्षं नटांचे डोळे वाचतेय."

"ते नट होते हो. विसरायचे, कारण आदल्या दिवशी प्यायलेले असायचे. ही काही विसरत नाही. मुलांच्या घरात एकोणीस वर्षांत कोण कोण आलं आणि गेलं, सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत." मग त्याने माझा हात धरला. स्विलेनने! "शप्पथ घ्या. फक्त त्या दिवशी. हॉलमध्ये मागे बसा, हातावर हात ठेवून."

घेतली शप्पथ. एवढं गयावया करतोय पोरगा.

माझा नवरा म्हणायचा, "रायना, माझं वाक्य मला संपवू दे." मी म्हणायचे, "मग लवकर संपव." त्याची आठवण आज का यावी?

१ एप्रिल, रविवार

फुलांचा रविवार, म्हणजे फुलांवरून नाव असलेल्या सगळ्यांचा, नेवेनाचाही, नामदिवस. प्रयोग चार वाजता होता. हॉल खच्चून भरला. निघताना तिच्या पुढ्यात दारात पाणी सांडलं, सगळं पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. तिला निळा पोशाख, डोक्यावर विलोच्या कोवळ्या फांद्यांचा मुकुट. बोयानला मी पुठ्ठ्याचे पंख लावले होते. लोक म्हणत होते, किती गोड देवदूत! त्याला टक्कल पडायला लागलंय ते पंखांमुळे दिसलंच नाही.

मी हॉलमध्ये मागेच बसले होते, देवाशप्पथ. पण नेवेनाची वेळ जवळ आली तसे माझे पाय मला घेऊन खोक्यात गेले. फक्त बसायला. नुसतं तिथे असावं, एवढंच.

ती मध्यभागी येऊन उभी राहिली. डोळे वर गेले. मी गुडघ्यावर नखं रोवून मोजत होते. तीन. चार. मागे एक मूल हसलं. कुणीतरी खोकलं. पाच. पहिल्या रांगेत दोंचेवाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. सहा. तिचे ओठ थरथरत होते, मान ताणली जात होती, सगळा हॉल तिच्याबरोबर श्वास रोखून बसला होता, आणि मला वाटलं, पडली, आता पडली माझी पोर सगळ्यांसमोर. सात. मी ओळ दिली. "मी नेवेना, वसंताचं पहिलं फूल."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, खाली, खोक्यात. मग परत डोळे वर. मी परत दिली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. माझा आवाज आज इतका छान लागला होता! पाचव्या ओळीला तिने डोळे वर नेणंच सोडलं. नुसती उभी राहिली. मी एकही ओळ पडू दिली नाही. "प्रेम हीच माझी किल्ली," मी शेवटी पूर्ण गळ्याने म्हटलं, आणि हॉल उभा राहिला. बायका बाहीने डोळे पुसत होत्या. बोयान वाकायचं थांबेना. टाळ्या, टाळ्या, टाळ्या!

दोंचेवाबाईंनी जाताना माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमची मेहनत दिसली," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. आनंदाने.

२ एप्रिल, सोमवार

स्विलेनने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "शप्पथ म्हणजे तुमच्याकडे काय असतं?"

मी म्हटलं, "सात सेकंद झाले होते. लोक हसायला लागले होते."

"हसू दे ना! चार सेकंद हसले असते. ती काय म्हणणार होती माहीत आहे? तुमचं वसंताचं फूल नाही. 'माझं नाव नेवेना.' तेवढंच. तोवर तोंडात आलं होतं, मी बाजूलाच होतो."

म्हणजे ऐन प्रयोगात संहिता बदलणार होती! आमच्या काळी अशा नटाला मंडळी घरी पाठवायची. त्याला हे सांगितलं, तर त्याने फोन ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहून अकरा सेकंद गप्प राहायचं ठरवलं. बघू तरी, किती असतात. सातव्याला माझ्या तोंडातून "हं, बोल" असं निघून गेलं. घरात कुणी नव्हतं.

२० एप्रिल, शुक्रवार

समितीचा निर्णय आला. स्तेफ्काने वाचून दाखवला. "उमेदवार स्वतःहून तोंडी बोलू शकत नाही. सादरीकरणातील आठही वाक्ये दुसऱ्या व्यक्तीने पुरवली व दुसऱ्याच व्यक्तीने म्हटली." जागा दुसऱ्या गावच्या मुलीला. नेवेना गोर्नो पोलेला. अकरा मे.

मी तशीच चपला घालून समितीच्या ऑफिसात गेले. "मी बारा मार्चला ऐकलंय तिला! आठही वाक्यं बोलली!"

दोंचेवाबाई म्हणाल्या, "मग एक एप्रिलला का नाही बोलली?"

मी म्हटलं, "प्रेक्षकांची भीती."

त्यांनी फाईल मिटली. "रायनाबाई, मी पहिल्या रांगेत होते. मला ती घाबरलेली नाही दिसली. मला तुमचा आवाज ऐकू येत होता, म्हणून मी दुसरं काही ऐकू शकले नाही. तुम्ही म्हणालात तर हे मी नोंदवू शकते. चौदा दिवसांत तक्रारअर्ज करा. लिहा की ती बोलणार होती आणि तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत. मग तिला परत बोलावून मी हवं तर तासभर थांबेन. पण हे तुमच्या सहीने यायला हवं."

एवढंच. एक कागद.

२४ एप्रिल, मंगळवार

अर्ज लिहायला बसले. स्विलेन आणि स्तेफ्का दोघंही वाट बघताहेत. पहिलं वाक्य: "मी, रायना पेत्कोवा, चौतीस वर्षं व्यावसायिक प्रॉम्प्टर, असं नमूद करते की..." इथवर छान जमलं.

पुढे काय लिहू? की मी गरज नसताना ओळ दिली? प्रॉम्प्टरच्या हातून घडणारी सगळ्यात हलक्या दर्जाची चूक, पहिल्या वर्षाची पोरंही करत नाहीत! आणि ते समितीच्या फायलीत राहणार, गावात चहाबरोबर चघळलं जाणार. ज्या आठवड्यात मला पहिल्यांदा रस्त्यात लोक थांबवून "ताई, काय प्रयोग केलात" म्हणताहेत, त्याच आठवड्यात. आणि खरं तरी आहे का ते? मला माझ्या मनात खरं वाटत नाही. मी तिला वाचवलं. पडताना बघवलं नाही मला. प्रेमाने केलं ते सगळं, याला सही करून गुन्हा म्हणू?

तीन कागद फाडले.

२७ एप्रिल, शुक्रवार

अर्ज दिला. लिहिलं की कलाकाराला ऐनवेळी प्रेक्षकांची भीती वाटली, स्मरणाने दगा दिला, आणि प्रॉम्प्टरने कर्तव्य म्हणून साहाय्य केलं. तरी तिचा पुन्हा विचार व्हावा ही कळकळीची विनंती. भाषा चांगली उतरली आहे. स्विलेनला प्रत दाखवली नाही, नुसतं "दिला" म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला काय काय बोललो ते मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "चालायचंच."

४ मे, शुक्रवार

अर्ज नामंजूर. "स्मरणाने दगा दिल्याचे दिग्दर्शिकाही मान्य करतात" असं कारण दिलंय. म्हणजे माझाच कागद माझ्याच तोंडावर! सरकारी माणसांना शब्द फिरवायला कुणी शिकवावं लागत नाही.

स्तेफ्काने माझ्या अर्जाची प्रत स्विलेनला वाचायला दिली. असं करायचं काही कारण नव्हतं.

११ मे, शुक्रवार

मुलांच्या घराच्या फाटकाशी सकाळी नऊला गाडी आली. मी गुलाबाच्या लोकुमची, त्या मऊ मिठाईची, डबी नेली होती. स्विलेन आधीच आलेला, माझ्याकडे बघेना. बोयान आईबरोबर आला होता, त्याला वाटत होतं सहल आहे. नेवेनाचं सगळं सामान एका निळ्या पिशवीत मावलं. वर अक्षरांचा तक्ता बांधला होता. ड्रायव्हरने तो सीटखाली सरकवला, पायात येतो म्हणून.

तिला आत बसवलं. दार अजून उघडं होतं. मी डबी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "काही सांगायचंय का पोरी?" तिचे डोळे वर गेले. मी श्वास घेतला, तेवढ्यात स्विलेनने खुर्ची माझ्या पायांवर आणून आदळली आणि माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. "एक शब्द बोललात तर बघा," तो म्हणाला.

मी गप्प राहिले. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, तोही गप्प राहिला. बोयानसुद्धा. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर ईस्टरची सगळी रात्र चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं. मग तो जाड आवाज आला, एक एक शब्द.

"पुढचं. आता. तुम्हीच. सांगा."

ती माझ्याकडे बघत होती. सरळ, मान ताठ धरून, आणि मान ताठ धरायला तिला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. शेवटी म्हटलं, "सगळं छान होईल." ड्रायव्हरने दार सरकवलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी स्विलेनने माझं मनगट सोडलं नव्हतं. मग सोडलं आणि खुर्ची वळवून निघून गेला. बोयानने टाळ्या वाजवल्या.

१४ मे, सोमवार

दोन दिवस त्या वाक्याचा विचार केला. पुढचं तुम्हीच सांगा! म्हणजे नाटक अजून तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. चौतीस वर्षांत कुठल्या नटाने मला असं तोंडाने मागितलं नव्हतं, सगळे मिळालं की घ्यायचे. स्तेफ्काला हे सांगितलं तर तिने कॉफी अर्धी टाकून उठायची घाई केली. तिलाही काही कळत नाही.

तिची आठ वाक्यं मोठ्या अक्षरांत सुवाच्य उतरवून काढली, माझी सुधारलेली, आणि प्रत्येकाखाली श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण केली. म्हणजे तिला तिथे तालीम करता येईल. आज सकाळी गोर्नो पोलेच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. उत्तर येईल अशी अपेक्षा नाही, तिथे कुणाला वेळ आहे तक्ता धरायला. पण त्याने काही बिघडत नाही. तिला काय म्हणायचं असतं ते मला तिच्या आधी कळतं.